हात यंत्रात द्यायचा का? वारं गेलेल्या माणसासाठी आणि त्याच्या घरच्यांसाठी

‘वडिलांच्या अंगावरून वारं गेलंय. पुण्यात रोबोटवर व्यायाम घेतात म्हणे. नेऊ का?’ भोर आणि वेल्हे (आता राजगड) तालुक्यांतून हा प्रश्न सारखा येतो. विचारणारा बहुधा मुलगा असतो, सून असते, नाहीतर पुण्यात नोकरीला असलेला पुतण्या. ज्याचा हात लुळा पडलाय तो माणूस मागे खुर्चीत बसलेला असतो आणि त्याला कुणी काही विचारलेलं नसतं. हा लेख तुम्हा दोघांसाठी आहे. यंत्रावर बसायचं की नाही हे खुर्चीतल्या माणसाने ठरवायचं, असं धरूनच पुढचं सगळं लिहिलं आहे.

आधी तारीख बघा

पक्षाघात कोणत्या दिवशी झाला ती तारीख कागदावर लिहा. हालचाल परत येण्याचा वेग पहिल्या तीन महिन्यांत सर्वांत जास्त असतो, साधारण सहा महिन्यांपर्यंत तो बरा राहतो आणि पुढे मंदावतो. पुढे काहीच होत नाही असं नाही, पण तेवढ्याच सुधारणेला कष्ट जास्त पडतात.

आपल्याकडे हे पहिले महिनेच वाया जातात. कुणी तेल सांगतं, कुणी पारव्याचं रक्त, कुणी लांबच्या गावचं औषध. हलक्या हाताने तेल लावलं तर बिघडत नाही. पण लुळा हात खांद्यातून ओढून, वर खेचून मालीश करू देऊ नका. सैल पडलेला खांदा त्याने दुखावतो, आणि दुखऱ्या खांद्याचा माणूस पुढे कोणत्याच व्यायामाला तयार होत नाही, यंत्राच्याही आणि हाताच्याही.

म्हणून यंत्राची चौकशी चालू असताना साधा व्यायाम थांबवू नका. दवाखान्यातून घरी सोडतानाच फिजिओथेरपिस्टकडून व्यायाम लिहून घ्या. भोरचं उपजिल्हा रुग्णालय किंवा वेल्ह्याचं ग्रामीण रुग्णालय यांतलं जे जवळ असेल तिथे फिजिओथेरपीची सोय आहे का आणि कोणत्या वारी, हे स्वतः जाऊन विचारा.

यंत्र करतं काय

मेंदूचा एक भाग निकामी झाला की उरलेल्या भागाला ते काम नव्याने शिकावं लागतं, आणि शिकणं होतं ते पुन्हा पुन्हा करून. नेहमीच्या व्यायामात ही आवर्तनं फार कमी पडतात. अमेरिका आणि कॅनडातल्या एका पाहणीत (ती २००९ साली प्रसिद्ध झाली) एका सेशनमध्ये अधू हाताच्या उपयोगी हालचाली सरासरी ३२ भरल्या. यंत्र तेवढ्याच वेळात शेकड्यांनी आवर्तनं करवून घेतं आणि थकत नाही. यंत्राचा खरा गुण एवढाच.

तुम्हाला दिसतील ती यंत्रं साधारण अशी:

- टेबलावरचं हाताचं यंत्र. मूठ, मनगट किंवा पुढचा हात त्यात ठेवायचा आणि पडद्यावरचा खेळ खेळायचा. वेल्लोरचं ख्रिश्चन मेडिकल कॉलेज आणि आयआयटी मद्रास यांनी मिळून केलेलं ‘प्लूटो’ आणि आयआयटी हैदराबादमधून पुढे आलेल्या कंपनीचं ‘आर्मेबल’ ही आपल्याच देशातली यंत्रं या जातीची.
- चालण्याचं यंत्र. कमरेला पट्टा बांधून माणसाला वरून अर्धवट तोलतात आणि दोन्ही पाय यंत्र चालवतं. स्वित्झर्लंडचं ‘लोकोमॅट’ जुनं आणि महाग. केरळातल्या जेनरोबोटिक्सचं ‘जी-गेटर’ तिरुअनंतपुरमच्या सरकारी जनरल हॉस्पिटलात बसवलेलं आहे.
- अंगावर चढवायचा सांगाडा, हाताचा किंवा पायाचा.

आता निर्णयाला लागतो तेवढाच पुरावा. ब्रिटनमध्ये ७७० रुग्णांवर हाताच्या रोबोटची मोठी चाचणी झाली, तिचा निकाल २०१९ साली आला. नेहमीचा उपचार घेणाऱ्यांपेक्षा रोबोट घेणाऱ्यांचा हात रोजच्या कामाला जास्त उपयोगी पडू लागला, असं तिच्यात दिसलं नाही. चालण्याच्या यंत्राचं चित्र बरं आहे. जगभरच्या चाचण्या एकत्र तपासल्यावर असं दिसलं, की फिजिओथेरपीच्या जोडीने हे यंत्र वापरणारे आधाराशिवाय चालू लागण्याची शक्यता वाढते. सर्वांत जास्त फायदा होतो तो पक्षाघाताला तीन महिने व्हायच्या आत असलेल्या आणि अजून चालताच न येणाऱ्या रुग्णांना.

यावरून माझं मत सरळ आहे. पाय चालत नाही आणि तीन महिने झालेले नाहीत, तर चालण्याच्या यंत्रासाठी थोडी धडपड करा. प्रश्न हाताचा असेल तर यंत्रासाठी कर्ज काढू नका, दागिना मोडू नका. ते परवडलं आणि रुग्णाला आवडलं, तर जादा सराव म्हणून घ्या.

कोणाला यंत्रावर लगेच घेऊ नये

यांपैकी काही असेल तर ते न विचारताच डॉक्टरांना सांगा:

- आटोक्यात नसलेला रक्तदाब, हृदयाचा त्रास
- फिट येणं
- अलीकडे मोडलेलं हाड, फार ठिसूळ हाडं
- सुजलेली आणि दुखणारी पोटरी (रक्ताची गुठळी असू शकते)
- पट्टा येतो त्या जागी जखम किंवा अंथरुणाला टेकून पडलेला व्रण
- आखडून घट्ट झालेला सांधा, फार दुखणारा खांदा

पहिल्या तीन खेपा

लोक यंत्र नाकारतात तेव्हा घरचे म्हणतात, ‘हट्टी आहेत.’ बहुतेक वेळा हट्ट नसतो, भीती असते. आपल्या हाताचा ताबा आधीच गेलाय आणि आता उरलासुरला मशीनच्या हवाली करायचा, ही भीती खोटी म्हणता येणार नाही. म्हणून पहिल्याच दिवशी पट्टे बांधून घेऊ नका.

पहिली खेप नुसती बघायची. दुसरा रुग्ण यंत्रावर असेल तेव्हा, त्याची हरकत नसेल तर, शेजारी बसून बघा. थांबवायचं लाल बटण कुठे आहे ते विचारा आणि रुग्णाने ते धड हाताने स्वतः दाबून बघावं. यंत्र थांबतं हे एकदा डोळ्यांनी दिसलं की निम्मा ताण उतरतो. एकदा आधी नातवाला किंवा मुलाला यंत्रात हात घालू द्या. फिजिओथेरपिस्ट सहसा हसून परवानगी देतात.

दुसरी खेप दहा मिनिटांची. यंत्राचा वेग सर्वांत कमी. दुखलं तर काय खूण करायची हे आधी ठरवा.

तिसऱ्या खेपेला खरा प्रश्न विचारायचा. वेळवंड खोऱ्यातल्या एका आजींना मी यंत्रावर बसलेलं पाहिलंय. मनगट पट्ट्यात अडकवलेलं, समोर पडद्यावर झाडावरून सफरचंदं पडतायत आणि आजींचा हात डावीकडे-उजवीकडे सरकून ती टोपलीत झेलतोय. सून कौतुकाने मोबाईलवर शूटिंग करत होती. आजींनी मध्येच विचारलं, ‘अगं, पर हे मी हलवतेय का ते हलवतंय?’ फिजिओथेरपिस्ट बाई चांगल्या होत्या. त्यांनी यंत्राची मदत बंद केली आणि म्हणाल्या, ‘आता करा.’ हात दोन बोटं सरकला आणि थांबला. टोपली रिकामी. सुनेचा चेहरा पडला. आजी मात्र त्या दोन बोटांच्या अंतराकडे बघत म्हणाल्या, ‘एवढं माझं.’ आणि पुढच्या खेपेला यायला त्या स्वतःहून तयार झाल्या.

हाच प्रश्न तुम्ही दर आठवड्याला विचारा: यंत्राची मदत किती आणि माझं किती? मदत कमी होत गेली तर उपचार पुढे जातोय. पडद्यावर गुण वाढतायत पण मदत तेवढीच आहे, तर तो नुसता खेळ आहे.

बांगड्या, नऊवारी आणि पडदा

हे छापील माहितीपत्रकात नसतं, पण आपल्याकडच्या बायका यंत्राला नाही म्हणतात त्यामागे पुष्कळदा हेच असतं.

मनगटाच्या पट्ट्यासाठी बांगड्या काढायला सांगतात. ज्या आजीने लग्नापासून हात मोकळा ठेवलेला नाही तिला चारचौघांत ‘काढा ते’ म्हणणं किती लागतं, हे सांगणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. आदल्या दिवशी घरीच, तिला विचारून, अधू हातातल्या बांगड्या धड हातात घाला. निघत नसतील तर वर सरकवून मऊ कापड गुंडाळलेलं चालेल का ते केंद्रात विचारा. त्या हाताला सूज असेल तर बांगड्या एरवीही काढलेल्याच बऱ्या.

चालण्याच्या यंत्राचा पट्टा मांड्यांमधून जातो. नऊवारीवर किंवा धोतरावर तो नीट बसत नाही आणि काचतो. सैल सलवार किंवा पायजमा घेऊन जा, कपडे बदलायला आडोसा आणि बाईमाणसासाठी बाई फिजिओथेरपिस्ट मागा. हे मागणं अवघड वाटून घेऊ नका. चष्मा आणि कानाचं यंत्र विसरू नका, कारण पडदा दिसला नाही की माणूस ‘मला जमत नाही’ म्हणून मोकळा होतो.

बोलता न येणाऱ्याचा होकार

उजवं अंग गेलं की पुष्कळांची वाचा जाते किंवा समजण्यात गोंधळ होतो. असा माणूस सगळ्याला मान डोलावतो. तो होकार धरू नका. एकच गोष्ट दोन्ही बाजूंनी विचारा. ‘चालू ठेवायचं?’ आणि थोड्या वेळाने ‘थांबायचं?’ दोन्हीला मान डोलावली तर प्रश्न पोचलेला नाही. मग चित्र, खूण किंवा प्रत्यक्ष यंत्र दाखवून विचारा. यंत्र सुरू झाल्यावर चेहरा बघा. अंग चोरणं, घाम, डोळे मिटून घेणं हा नकारच आहे.

आणि नकार दिला म्हणून ‘एवढा पैसा घातला तुमच्यावर’ हे वाक्य घरात कुणी उच्चारू नये. पक्षाघातानंतर खचून जाणं, रडू येणं, कशातच मन न लागणं हे दुखण्याचाच भाग असतं आणि त्यावर औषध आहे. माणूस सगळ्यालाच नाही म्हणत असेल तर आधी डॉक्टरांना ते सांगा. यंत्राचा विषय नंतर.

येण्याजाण्याचा खरा हिशेब

भोरहून कापूरहोळमार्गे किंवा वेल्ह्याहून नसरापूरमार्गे पुणं पन्नास-साठ किलोमीटर. तालुक्याच्या गावाला हे ठीक. पण हिरडस मावळातल्या किंवा पानशेतच्या मागच्या वाडीतून आधी डांबरी रस्त्याला यायचं, मग गाडी, मग कात्रजची गर्दी. तासाभराच्या सेशनला दिवस जातो आणि सोबत येणाऱ्याचा रोजही बुडतो. पोचेपर्यंत रुग्ण इतका दमतो की यंत्रावर त्याच्याकडून निम्मंही होत नाही. पावसाळ्यात आतले रस्ते भरवशाचे नसतात, आणि भातलावणी सुरू झाली की घरात सोबत जायला माणूस उरत नाही.

म्हणून तीन वाटा समोर ठेवा आणि रुग्णासमोर बसून बोला:

१. पुण्यात मुक्काम. नातेवाइकांकडे तीन-चार आठवडे राहायचं आणि रोज सेशन घ्यायचं. चालण्याच्या यंत्रासाठी, पहिल्या तीन महिन्यांत, हीच वाट उपयोगाची. लावणी-कापणीच्या तारखा बघून ठरवा.

२. आठवड्यातून दोन खेपा आणि बाकी दिवस घरचा सराव. घरचा सराव खरोखर होणार असेल तरच. नुसत्या दोन खेपांनी फार काही हाती लागत नाही.

३. यंत्र नाही. महिन्यातून एकदा फिजिओथेरपिस्टला दाखवायचं, मधे व्हिडिओ कॉल, रोज घरी सराव. हातासाठी मी बहुतेकांना हीच वाट सांगते.

तिसऱ्या वाटेत एक गोष्ट जवळजवळ फुकट आहे आणि तिच्यामागे चाचण्यांचा चांगला आधार आहे: आरसा. वीतभराहून थोडा मोठा, कडा गुळगुळीत असलेला आरसा टेबलावर दोन हातांच्या मधोमध उभा करा. तोंड धड हाताकडे, अधू हात आरशामागे झाकलेला. आता धड हाताची मूठ उघडा-मिटा, मनगट वळवा, वाटी उचलून ठेवा, आणि नजर आरशात ठेवा. बघणाऱ्याला अधू हातच हलताना दिसतो. त्याच वेळी आरशामागचा हातही तसाच हलवायचा प्रयत्न करायचा, हलो न हलो. दिवसाला अर्धा तास, दोन भागांत. पहिल्यांदा काहींना गरगरतं किंवा विचित्र वाटतं. तसं झालं तर थांबा आणि दुसऱ्या दिवशी पाचच मिनिटं करा.

त्याच्या जोडीला घरची कामं. सुपातले वाल एकेक करून वाटीत टाकणं, पिठाचा गोळा दाबणं, तांब्या दोन्ही हातांनी धरणं, सदऱ्याची बटणं. जे काम त्या माणसाला परत करायचंय तेच सरावाला घ्या. भाकरी थापायची असेल तर पिठावरच हात चालला पाहिजे.

केंद्रात विचारायचे प्रश्न

कागदावर लिहून न्या, उत्तरं तिथेच लिहून घ्या.

- माझ्या कोणत्या कामासाठी हे यंत्र सुचवताय?
- फिजिओथेरपिस्ट पूर्ण वेळ शेजारी असतील का? महाराष्ट्र राज्य व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेची त्यांची नोंदणी आहे का?
- आजची मोजणी काय? (दहा मीटर चालायला किती सेकंद, एका मिनिटात किती ठोकळे उचलले.) पुढची मोजणी कधी?
- सहा सेशननंतर फरक नसेल तर काय करणार?
- एका सेशनचा दर किती? पॅकेज मधेच सोडलं तर उरलेले पैसे परत मिळतात का?

शेवटच्या प्रश्नाला गुळमुळीत उत्तर आलं तर तीस सेशनचे पैसे एकदम भरू नका. सहाचे भरा.

आणखी दोन ठिकाणी सांभाळा. ऑनलाइन मिळणारा, हवेने बोटं उघडमीट करणारा ‘रोबोट हातमोजा’ स्वतःच्या मनाने घेऊ नका. ताठर बोटं त्यात जबरदस्तीने उघडली जातात, आणि माणूस टीव्ही बघत बसतो तेव्हा मेंदू काही शिकत नाही. आणि ‘महिन्यात पहिल्यासारखे करून देतो’ असं कुणी म्हणालं तर तिथून उठा.

पैसे आणि सवलती

- महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना: कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण. ही योजना मुख्यतः भरती रुग्णांसाठी आहे, त्यामुळे पक्षाघाताच्या भरतीच्या वेळी ती वापरा. घरून येऊन-जाऊन रोबोटवर घ्यायचे सेशन तिच्यात बसतात असं गृहीत धरू नका. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा, किंवा १५५३८८ वर फोन करा.
- धर्मादाय रुग्णालयं: १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत (कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न १,८०,००० रुपयांपर्यंत) आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत (३,६०,००० रुपयांपर्यंत). तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि शिधापत्रिका सोबत ठेवा, तिथल्या समाजसेवकाला भेटा.
- खासगी विमा: पॉलिसीत ‘रोबोटिक शस्त्रक्रिया’ लिहिलेलं असलं तरी त्यात रोबोटवरचा व्यायाम येत नाही. लेखी विचारा.
- अपंगत्व प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड: पक्षाघाताला साधारण सहा महिने झाल्यावर तपासणी होते. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर करायचा.
- एसटी: ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व असेल तर भाड्यात ७५ टक्के सवलत, ६५ टक्क्यांवर असेल तर सोबत्यालाही ५० टक्के. प्रमाणपत्र हातात येईपर्यंत महिलांची आणि ६५ वर्षांवरच्यांची निम्म्या भाड्याची सवलत आहेच. पंचाहत्तरी पार केलेल्यांना प्रवास मोफत.

तुमचे हक्क

महाराष्ट्रात शुश्रूषागृह नोंदणीचे नियम २०२१ साली बदलले. तेव्हापासून रुग्णहक्कांची सनद आणि दरांचा फलक दर्शनी भागात लावणं रुग्णालयांवर बंधनकारक आहे. उपचार तुमच्या भाषेत समजावून घेणं, दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेणं आणि सुरू केलेला उपचार मधेच नाकारणं हे तुमचे हक्क आहेत. संमतीपत्र इंग्रजीत असेल तर मराठीत वाचून दाखवायला सांगा आणि मगच सही किंवा अंगठा द्या.

‘यंत्र फुकट आहे, अभ्यास चालू आहे’ असं सांगितलं तर ते संशोधन आहे. त्यात वावगं काही नाही, चांगली सोयही मिळू शकते. पण नैतिकता समितीची मंजुरी आहे का, इजा झाली तर भरपाई कोण देणार आणि मधेच बाहेर पडलो तर नेहमीचा उपचार चालू राहील का, हे तिन्ही लेखी मागा.

थांबायचं ठरलं तर

सहाव्या किंवा दहाव्या सेशननंतर एकदा बसा. पहिल्या दिवसाची मोजणी आणि आजची शेजारी शेजारी ठेवा. मग आकडे बाजूला ठेवून रुग्णाला विचारा: घरी काय नवीन जमायला लागलं? पेला धरता येतो का, मोरीपर्यंत एकट्याने जाता येतं का? घरी काही बदललं नसेल आणि त्याला यायची इच्छा नसेल, तर थांबा. फिजिओथेरपिस्टना तसं सरळ सांगा.

थांबताना तीन गोष्टी घेऊन निघा: सगळ्या मोजण्यांची प्रत, घरच्या व्यायामांचा लिहिलेला कागद आणि ते व्यायाम करताना रुग्णाचाच काढलेला मोबाईलवरचा व्हिडिओ. नोंदींची प्रत लेखी मागितली की ७२ तासांच्या आत देणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. पहिल्या भरतीचं डिस्चार्ज कार्ड, स्कॅन आणि औषधांची चिठ्ठीही त्याच पिशवीत ठेवा आणि ती पिशवी दाराजवळ टांगा. कारण एकदा वारं गेलेल्याला पुन्हा जाण्याचा धोका असतो. तोंड वाकडं झालं, हात गळाला किंवा बोलणं अडखळलं, तर किती वाजता सुरू झालं ते बघा आणि लगेच १०८ ला फोन करा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं आणि आपल्या खोऱ्यांतून पुण्याला पोचण्यातच त्यातला बराचसा वेळ जातो.